नाव सांग, तेम्वा

सुट्टीत घरी आलेली वेझी अंगणात शेंगा फोडत बसली होती. नऊ महिने भरलेली तिची बहीण तेम्वा शेजारी बसून फोडत कमी, खात जास्त होती.

"ताई, अशाने बाळ दाणेच मागत येईल."

"मागू दे! मावशी खाणीची इंजिनियर होणार. तुझ्याकडे गेलं तर दगडच मिळायचे त्याला."

हसता हसताच तेम्वाने कंबर धरली.

पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती. नवरा दूर तांब्याच्या खाणीवर. दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तरी बाळ अडलेलंच. वडिलांनी दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली, तेव्हा त्यांची थोरली बहीण न्यागोंडवे दारात आडवी आली.

"वाकडं पाऊल पडलेल्या बाईचंच बाळ अडतं. पोरी, कुणाजवळ गेली होतीस? नाव सांग, वाट मोकळी होईल. त्याआधी गाडी हलली, तर रस्त्यातच मरशील."

"कुणी नाही गं आत्या! देवाशपथ!"

भोवतीच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर वडील कासरा धरून नुसते उभे.

वेझीला यातलं काहीच पटत नव्हतं. विद्यापीठात दोन वर्षं शिकलेली ती. पण दुपारी बहिणीचे ओठ काळवंडलेले पाहिले आणि तिचा धीर सुटला. कानाशी वाकून ती म्हणाली, "ताई, असेल कुणी, तर सांगून टाक ना."

तेम्वाने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. अगदी शांतपणे. मग तिने शाळेतल्या मास्तरांचं नाव घेतलं. ते वारून तीन वर्षं झाली होती.

तरीही बाळ आलं नाही. "म्हणजे आणखी कुणी आहे," आत्या म्हणाली.

गाडी निघाली तेव्हा ऊन कललं होतं. अर्ध्या वाटेत तेम्वा गेली, पोटातल्या बाळासकट.

वेझी विद्यापीठात परतली; पण मैत्रीण कानाशी काही बोलायला वाकली, तरी ती दचकून मागे सरे. वर्गात फळ्यावर बोगद्याची आकृती असायची आणि तिला दिसायचे ते दोन डोळे. पुढच्या सुट्टीत ती नर्सिंगचा अर्ज घेऊनच घरी आली.

"वेड लागलंय का?" वडील कडाडले. "इंजिनियर व्हायचं सोडून लोकांची घाण काढणार?"

"बाबा, तिला मीसुद्धा विचारलं होतं."

वडिलांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कासरा माझ्या हातात होता, पोरी. मीही त्या नावाचीच वाट बघत उभा होतो."

परवानगी त्यांनी तोंडाने दिली नाही. जाताना तिची पेटी मात्र स्वतः उचलून रस्त्यापर्यंत आणली.

पहिल्याच वर्षी, प्रसूतिगृहात, खेड्यातून आणलेली एक कोवळी पोर वेझीचा हात घट्ट धरून रडू लागली. "सिस्टर, नवऱ्याशिवाय माझं कुणी नाही. खरंच कुणी नाही!"

 पोरीच्या कपाळावरचा घाम पुसत वेझी म्हणाली, "मी कुठं काय विचारलं, बाई? इथं तुला कुणीही काही विचारणार नाही."

दारातून पोरीची सासू आत डोकावत होती. वेझीने जाऊन दार लावून घेतलं.