अर्धी शिफारस

“ओइवा, दगड थंड आहेत,” एइला म्हणाली.

ती तळघराच्या जिन्यात उभी होती. अंगात गुलाबी टॉवेलचा झगा, पायात लोकरी मोजे, हातात पाण्याची लाकडी बादली. शुक्रवारी संध्याकाळी सात ते आठ हा आमच्या इमारतीच्या सॉनातला, म्हणजे शेगडीवर दगड तापवून घाम काढायच्या खोलीतला, एइलाचा तास. एकतीस वर्षं तो तिचाच आहे. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा तिने तो सोडला नव्हता. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई नोव्हेंबरच्या गारठ्यात नुसत्या झग्यावर उभी, आणि गृहसंस्थेचा अध्यक्ष म्हणजे मी, ओइवा लेह्तिमाकी, अर्धवट खाल्लेलं सॉसेज हातात धरून तिच्याकडे बघतोय, हे दृश्य काही शोभणारं नव्हतं.

अध्यक्ष म्हणजे फार काही समजू नका. नऊ वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत ‘अध्यक्ष कोण होणार’ असं विचारल्यावर सगळे टेबलाकडे बघत राहिले आणि मी चुकून वर बघितलं. त्याआधी छत्तीस वर्षं मी ताम्पेरे शहराच्या याच भागात टपाल वाटलं. सॉनाच्या शेगडीतलं मला काय कळणार?

“दगडांवर पाणी टाकलं तर नुसतं फुस्स होतं,” एइला म्हणाली. “हेल्काला बोलाव.”

“शुक्रवारची संध्याकाळ आहे. तिची सुट्टी झाली.”

“मग तू दुरुस्त कर.”

मी हेल्काला फोन लावला.

हेल्का रुओहोनेन आमच्या इमारतीची देखभाल बघते. राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाहेर बर्फ आणि पाऊस एकत्रच पडत होते, तरी वीस मिनिटांत तिची सायकल दाराशी आली. हेल्मेट न काढताच ती विजेच्या पेटीपुढे गुडघ्यांवर बसली, झाकण उघडलं आणि आतल्या तारा एकेक बघत गेली.

“घड्याळ,” मग ती म्हणाली. “रविवारी हिवाळी वेळेसाठी सगळी घड्याळं तासभर मागे घेतली ना, हे एक राहिलं. याच्या लेखी आत्ता आठ वाजून गेलेत. शेगडी बिचारी आपल्या वेळेवर, म्हणजे एइलाच्या तासाआधीच, बंद झाली.”

“तू विसरलीस?” मी विचारलं. मला खरंच नवल वाटलं होतं.

“बारा घड्याळं आहेत या इमारतीत. दाराच्या कुलपाचं, अंगणातल्या दिव्यांचं, थंडीत गाड्या गरम करायच्या विजेच्या खांबांचं. अकरा केली. सोमवारी मुलाखत होती, डोकं तिकडे होतं.” ती उठून एइलाकडे वळली. “चूक माझी आहे, एइला. उद्या तुझ्या एकटीसाठी तापवते.”

“शनिवारी मी केस धूत नाही.”

“मग नुसता घाम काढून जा.”

एइला हसली आणि बादली तिथेच ठेवून वर गेली. हेल्का शनिवारी, म्हणजे स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, परत आली आणि एका म्हातारीसाठी दोन तास शेगडी तापवून गेली. जाताना जिन्यातल्या फळ्यावर एक कागद लावला: ‘शुक्रवारी सातच्या तासाला सॉना थंड होता. घड्याळ मागे घ्यायचं मी विसरले. चूक माझी. — हेल्का रुओहोनेन.’

आमच्या जिन्यातल्या फळ्यावर कागद पुष्कळ लागतात, पण सही एकाखालीही नसते. ‘कोणीतरी धुलाईच्या यंत्रात मांजराचे केस सोडले आहेत.’ ‘कोणीतरी दुसऱ्याच्या वेळेत चादरी वाळत घातल्या आहेत.’ हा कोणीतरी कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि लिहिणारा कोण तेही. जिन्यात भेटल्यावर मात्र सगळे हवेबद्दल बोलतात. अशा फळ्यावर खाली पूर्ण नाव असलेला कागद मी पहिल्यांदाच बघितला.

ती मुलाखत कसली, ते सांगायला हवं. गावातल्या मोठ्या रुग्णालयाला देखभाल विभागाचा प्रमुख हवा होता. सहा इमारती आणि हाताखाली तीस माणसं. हेल्काने अर्ज केला होता आणि ‘यांना विचारा’ म्हणून माझं नाव दिलं होतं.

चौदा वर्षांपूर्वी ती आमच्याकडे आली ती जिने पुसायला. बुटांचा कारखाना बंद पडला होता, ती सदतीस वर्षांची होती आणि पदरी दोन मुली. तेव्हा आमचा जुना देखभालवाला जरा नळ गळला की प्लंबर बोलवायचा. प्लंबर आला की हेल्का बादली बाजूला ठेवून त्याच्या मागे उभी राहायची आणि बघायची. नुसती बघायची. दोन वर्षांनी ती संध्याकाळच्या शाळेत जाऊ लागली, पोरांच्या वयाच्या मुलांबरोबर बसून पाइप जोडायला शिकली, मग वीज, मग हवा खेळवायची यंत्रं. जुना देखभालवाला निवृत्त झाला तेव्हा सभेत कुणीतरी म्हणालं, ‘बाईमाणसाला जमेल का?’ तेव्हा एइलाने विचारलं होतं, ‘गेली चार वर्षं कोण करतंय असं वाटतं तुम्हाला?’

एकदा मुख्य पंप बदलायला बाहेरचे दोघे आले होते. त्यातला थोरला म्हणाला, “बाई, देखभालवाला कुठाय?”

“समोर आहे,” हेल्का म्हणाली.

“म्हणजे तुझा नवरा कुठाय?”

“घरी बटाटे उकडतोय. पंपाला काही झालेलं नाही, पुढचं बेअरिंग गेलंय. ऐक.” तिने स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं आणि दुसरं टोक त्याच्या कानाशी धरलं. तो ऐकत राहिला. पंप बदलावा लागला नाही, आणि पुढच्या वेळी तोच माणूस आल्याबरोबर ‘हेल्का कुठाय’ असं विचारत आला.

तर अशी ही बाई जायला निघाली होती. शेजारच्या इमारतीने देखभाल एका कंपनीला दिलीय. तिथे फोन केला की यंत्र सांगतं, एक दाबा, दोन दाबा. गेल्या जानेवारीत त्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ दुपारपर्यंत तसाच होता आणि तिथली एक म्हातारी मनगट मोडून बसली. हेल्का गेली तर आमच्याही नशिबी तेच होतं.

सोमवारी एइला वेलचीचा गोड पाव घेऊन माझ्याकडे कॉफीला आली.

“रुग्णालयाचा फोन आला का?”

“नाही अजून.”

“काय सांगणार आहेस?”

“खरं ते सांगणार.”

“खोटं बोल असं मी म्हणत नाही,” एइला कॉफीत साखर ढवळत म्हणाली. “पण आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा? कौतुक करावं, पण बेतानं. माझं वय झालंय, ओइवा. मला आता नवीन माणूस नको.”

मी तिला हसलो. पण खरं सांगतो, तिने तोंडाने म्हटलं ते मी चार दिवस मनात म्हणतच होतो.

मंगळवारी फोन आला. सोइनी नावाच्या बाई होत्या, आवाज मोजका, मागे टाइप केल्याचा आवाज. हेल्का वेळेवर येते का? येते. शिकायची तयारी आहे का? मी संध्याकाळच्या शाळेचं सांगितलं. पुरुष तिचं ऐकतील का? मी पंपाचा किस्सा सांगितला, त्यावर बाई किंचित हसल्यासारखं वाटलं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे फारच छान चाललंय.

“तिच्या कामात कधी चूक झाल्याचं आठवतं का तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“गेल्याच आठवड्यात झाली,” मी म्हणालो. “सॉनाचं घड्याळ मागे घ्यायला विसरली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंना थंड सॉनात बसावं लागलं.”

टाइप केल्याचा आवाज आला. “आणि मग?”

“मग तिने घड्याळ नीट केलं.”

“बरं. आभारी आहे, लेह्तिमाकी.”

मी फोन ठेवला. एक शब्द खोटा बोललो नव्हतो. पावसातली सायकल सांगितली नाही, शनिवार सांगितला नाही, फळ्यावरचा कागद सांगितला नाही, एवढंच. मला हलकं वाटलं. ही आता जात नाही, असं मनाशी म्हणालो आणि उरलेला वेलचीचा पाव संपवला.

बुधवारी हेल्का अंगणात पानं गोळा करत होती. मला बघून तिने हात केला. मी खिशात काहीतरी शोधत असल्यासारखं करून आत वळलो. छत्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, त्यातलं एकही मी अर्धं फाडून अर्धंच पेटीत टाकलं नव्हतं. आता एकाहत्तराव्या वर्षी नेमकं तेच केलं होतं, आणि तेही चौदा वर्षं आमचे जिने, नळ आणि पंप सांभाळणाऱ्या बाईचं. मला माझी लाज वाटली. रात्रभर वाटत राहिली.

गुरुवारी दुपारी वाटाण्याचं सूप गरम केलं, मोहरी घातली आणि ते तसंच ठेवून पत्रपेटी बघायला खाली गेलो. फळ्यावर हेल्काचा कागद अजून होता. त्याच्या खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं: ‘मांजराचे केस माझे. माफ करा. — राउनी, तिसरा मजला.’

राउनी. बावीस वर्षं त्या मांजरांच्या केसांवरून या इमारतीत अबोले झालेत. मी तो कागद दोनदा वाचला, वर गेलो आणि रुग्णालयाला फोन लावला.

“मी जेवायला निघाले होते,” सोइनीबाई म्हणाल्या. “थोडक्यात सांगा.”

मला थोडक्यात सांगता येत नाही. मी पाऊस सांगितला, सायकल सांगितली, शनिवार सांगितला, कागद सांगितला आणि राउनीचं मांजरसुद्धा सांगितलं.

“हे सगळं मंगळवारी का नाही सांगितलंत?” शेवटी त्यांनी विचारलं.

“ती गेली तर आमचं कसं होईल, म्हणून.”

“हे लिहून घेऊ का?”

“घ्या,” मी म्हणालो.

पुढच्या मंगळवारी हेल्का तळघरातल्या हीटिंगच्या खोलीत एका व्हॉल्व्हखाली पाठीवर पडून काम करत होती. मी दारात उभा राहिलो. मला बघून ती म्हणाली, “सकाळी फोन आला. जानेवारीपासून बोलावलंय.”

मला आनंद झाला. आता आमचं कसं होईल हेही मनात आलं, पण आनंद झाला. मी अभिनंदन म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तर तिला कधीच काही कळलं नसतं.

“हेल्का, गेल्या मंगळवारी मी त्यांना अर्धंच सांगितलं होतं,” मी म्हणालो. “घड्याळाचं सांगितलं. तू काय केलंस ते नाही सांगितलं. मुद्दाम.”

तिचा पाना थांबला.

“तू जाऊ नयेस म्हणून,” मी म्हणालो. “गुरुवारी परत फोन करून उरलेलं सांगितलं.”

“मुलाखतीत विचारलं होतं, कुणाला वाटेल का तू जाऊ नयेस,” ती व्हॉल्व्हकडे बघतच म्हणाली. “मी म्हटलं, कुणाला काय फरक पडणार? तुम्हा लोकांना पडेल, हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

तिने पाना पुन्हा नटला लावला. पाइपांमधून पाणी जात होतं. मी निघायला वळलो.

“ओइवा,” ती म्हणाली. “टॉर्च धर जरा. तिथे नको, पाइपच्या मागे.”

मी गुडघ्यांवर बसलो आणि टॉर्च धरली. चौदा वर्षांत हेल्काने या इमारतीत कुणालाही काही धरायला सांगितलं नव्हतं. तिने जुना वॉशर काढला, फडक्याने जागा पुसली, नवा बसवला आणि हळूहळू नट आवळू लागली. काही घाई नव्हती. माझा हात भरून आला, पण उजेड हलू नये म्हणून मी तो बदलला नाही.