मावशीच्या झुडपाचा गुण

भाचीने डिशमधल्या कॅन्सरच्या पेशी मारल्या आणि मावशीने लगेच हॉस्पिटलची तारीख रद्द केली. घरातच रामबाण उपाय असताना छातीतल्या गाठीसाठी सलाइन कशाला टोचून घ्यायचं? रामबाण म्हणजे मावशीच्या गॅलरीतलं झुडूप. भाची प्रयोगशाळेत वनस्पतींचे अर्क तपासायची. मावशीचा पाला तिने हौसेने नेला आणि पहिल्याच फटक्यात पेशी आडव्या झाल्या. मग काय, हिच्या जिभेला हाड कुठलं! जेवायला बसलेल्या अख्ख्या खानदानाला सांगून मोकळी.

आता ती मावशीच्या दारात उभी होती आणि तोंड एवढंसं झालं होतं. दुसऱ्या खेपेला तिने पाला धुऊन घेतला होता. पेशी मरायच्या सोडून चांगल्या गुटगुटीत झाल्या. घरी पालेभाजी तीन पाण्यांतून काढणारी ही शहाणी, पहिल्या खेपेला पाला न धुताच वाटून बसली होती. गुण वाहून जाईल म्हणे!

"मावशी, झुडपावर काही मारतेस का गं?"

"मारते की. किड्यांचं औषध. तुला द्यायचा म्हणून तर दोनदा मारलं. तुझ्या सरांसमोर किडका पाला गेला असता तर माझी काय अब्रू राहिली असती?"

भाचीने कपाळावर हात मारला. "आणि रस? प्यायलीस?"

"वेडी का खुळी? मी तुझ्या गोळीची वाट बघतेय."

भाचीला हायसं वाटलं आणि पाठोपाठ रडूही आलं. "गोळी नाही होणार गं. पेशी तुझ्या फवाऱ्याने मेल्या. डिशमध्ये काय, फिनाइल ओतलं तरी मरतात. तुला झाडाचंच औषध हवं ना? सलाइनमधून देणार आहेत तेही मुळात एका झाडाच्या सालीतच सापडलं. फक्त त्या झाडावर तू फवारलं नव्हतंस."

एरवी मयताच्या घरीही हसू न आवरणारी मावशी या वेळी हसली नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "कुंडीतल्या पाल्याने गाठ गेली असती तर तुम्हा शिकलेल्यांना कुत्र्यानेही विचारलं नसतं. पण तू नाही म्हणत नव्हतीस, तोवर मला घाबरावं लागत नव्हतं."

भाचीला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिने मावशीचा हात घट्ट धरला. "मग आता म्हणते. नाही. त्या पाल्यात काही नाही, मावशी."

मावशीने हात सोडवून घेतला, डोळे पुसले आणि फोन तिच्या हातात कोंबला.

"लाव त्या डॉक्टरीणबाईंना. सांग, म्हातारी पार टरकलीय, पण येतेय."