छताचा फोटो

वरच्या मजल्यावरच्या सिद्धेशने दिवाळीत बाथरूम मोठं केलं. ते एवढं मोठं झालं, की आमच्या बेडरूममध्ये उतरलं. छताला परातीएवढी ओल आली, तीही नेमकी वनमालेच्या उशीच्या वर. मुलुंडमध्ये बत्तीस वर्षं संसार करून माझ्या बायकोवर उशी सोडून खाली सरकून, कपाटाला पाय टेकवून झोपायची वेळ आली. प्लास्टर आज ना उद्या डोक्यात पडणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

सिद्धेश म्हणाला, "काका, लीकेज माझं नाहीच. प्रूफ द्या ना."

सोसायटीचा सेक्रेटरी नंदू तळमजल्यावर राहतो. तो म्हणाला, "ग्रुपवर फोटो टाका. फोटोशिवाय प्लंबर नाही, ठराव झालाय."

"अरे, दोन जिने चढून बघून जा की!"

"बघितलेलं रेकॉर्डवर येत नाही, काका."

आमच्या सर्वेशने मला दिलेल्या फोनला पाठीमागे तीन डोळे आहेत. मी पलंगावर उताणा पडून फोटो काढला. फोनने क्षणभर विचार केला आणि छताला आभाळ समजला. ओलीचा ढग केला, उरलेलं निळं केलं. मी चष्मा न लावता तो ग्रुपवर टाकला.

"वा! महाबळेश्वर का?" पहिल्या मजल्यावरच्या इरावतीबाईंनी विचारलं. अकरा अंगठे आले. सिद्धेशने लाल बदाम पाठवला.

मग माझा जुना फोन काढला. त्यात सगळंच काळं आलं. नंदूने लिहिलं, "काका, वांगं भाजलंय का?"

सर्वेशला गोरेगावला फोन लावला. "बाबा, सेटिंगमध्ये जाऊन ते एआय बंद करा. सोपंय." गेलो. अर्ध्या तासाने बाहेर आलो तेव्हा फोन कोरियन भाषेत बोलत होता.

एव्हाना थेंब पडू लागले. वनमालेने पलंगावर बादली ठेवली. चौथ्या दिवशी ती भरली, तसा मी तिचाही फोटो घ्यायला सरसावलो.

"ठेवा तो फोन," वनमाला म्हणाली. तिने बादली उचलली, वर गेली आणि सिद्धेशच्या दारात ओतली. "तुमचं पाणी राहिलं होतं आमच्याकडे," एवढंच म्हणून खाली आली.

दोन मिनिटांत ग्रुपवर सिद्धेशचा फोटो. हललेला, तिरका, अर्ध्या भागात त्याचाच अंगठा. पाणी मात्र स्वच्छ कळत होतं. दहा मिनिटांत नंदू प्लंबर घेऊन वर. पाणी येतंय कुठून ते शोधायला प्लंबरने थेट बाथरूमची लादी उखडायला घेतली.

"अरे यार, ते काकूंनी ओतलंय!" सिद्धेश ओरडत होता.

"ओततानाचा फोटो आहे का?" नंदूने शांतपणे विचारलं.

पाइपचा सांधा फुटलेला निघाला. चौथ्या घावाला आमचं प्लास्टरही निघालं, अख्खंच्या अख्खं, वनमालेच्या उशीवर, आणि छताला आरपार भोक पडलं. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती, म्हणून वाचली. धावत आली, उशीकडे पाहत राहिली, मग खुर्चीवर बसली.

"नंदूला बोलवा."

मी सवयीने फोनकडे हात नेला.

"हाक मारा," ती म्हणाली.

मी छताच्या भोकाकडे तोंड करून हाक मारली. वरून नंदू वाकला आणि गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याने आमची बेडरूम बघितली.