टेबलाजवळचं स्टूल

अमळनेरच्या त्या सूतिकागृहात सुगंधाबाई सिस्टरांचा हात चांगला, असा आसपासच्या खेड्यांत बोलबाला होता. बाई देवभोळ्या. कपाळी बुक्का लावल्याशिवाय ड्यूटीवर यायच्या नाहीत, आणि गावात कीर्तन असलं की टाळ वाजायच्या आत मंडपात पुढे जाऊन बसायच्या. त्या दिवशीही चारचं कीर्तन होतं, आणि बाळंतपणाच्या टेबलावर शेवंता अडून राहिली होती.

पहिलटकरीण. सकाळपासून कळा. दारात तिची आई नर्मदाबाई तांब्या घेऊन उभी.

"बाई, मनी पोरले घोटभर पानी द्या ना. तिना गया सुकी गया."

"टेबलावरच्या बाईला पाणी देत नाहीत, मावशी. तुम्ही दारातून हला आधी."

आतून शेवंता कण्हली, "सिस्टर, माले उठू द्या ना व. बठीसन बरं वाटस."

"बठीसन? हाई काय तुनं घर शे का?" आया द्रौपदाबाई फिसकन हसली. "नवराजोडे जाताना नई वरडनी तू!"

सुगंधाबाईही हसल्या. तिथं सगळ्याच हसत.

धुळ्याला नर्सांच्या शिबिरात शिकवणाऱ्या मॅडमनी बाहुलीवर दाखवून सांगितलं होतं : बाईला पाणी द्या, हिंडू द्या, जवळ तिचं माणूस बसू द्या. वरून पोट दाबू नका, गर्भाची पिशवी फाटते. हे माझ्या मनचं नाही, हजारो बाळंतपणं तपासून ठरलंय, हेही सांगितलं होतं. सुगंधाबाईंनी मान डोलावली, चहा घेतला, आणि एसटीत बसल्यावर शेजारणीला म्हणाल्या, "बाहुलीला कुठं कळा येतात?"

मंडपातल्या लाउडस्पीकरवर टाळ वाजले.

"द्रौपदा, स्टूल आण."

टेबलाजवळच्या लाकडी स्टुलावर चढून कोपरानं पोट दाबायचं, ही तिथली रीतच होती. सुगंधाबाई चढल्या. शेवंताची किंकाळी टाळांच्याही वर गेली. मग कळा एकदम थांबल्या. ओठ पांढरे पडले. हाताखाली पोटाचा आकारच बदलला, आणि सुगंधाबाईंना कळलं.

डॉक्टरांनी पोट उघडलं. शेवंता वाचली. मुलगा गेला, आणि फाटलेली पिशवीही काढून टाकावी लागली. हात धुता धुता डॉक्टरांनी विचारलं, "पोट दाबलं होतं का कुणी?"

उठता बसता देवाचं नाव घेणाऱ्या सुगंधाबाई फरशीकडे पाहत राहिल्या.

व्हरांड्यात नर्मदाबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. रडून रडून आवाज बसलेला.

"बाई, मी दारनी फटमाईन देखं. कितला जोर लाया तुमीन मनी पोरनाकरता! तुमना हात दुखत व्हतीन."

आणि ती माउली त्यांची मनगटं चेपू लागली.

मंडपात बुवा देवाच्या मायेचं आख्यान लावत होते. एरवी त्या स्वरानं सुगंधाबाईंचे डोळे भरून यायचे. आज तो स्वर कानाला सोसेना.

"अक्का, याच हातांनी घात केला," त्या म्हणाल्या. "दाबू नको म्हणून मला शिकवलेलं होतं. मला कीर्तन गाठायचं होतं."

चेपणारी बोटं थांबली. नर्मदाबाईंनी शिवी दिली नाही. हात काढून घेतले, पदराला पुसले, आणि लेकीकडे निघून गेल्या.

सुगंधाबाई तशाच डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मोकळ्या कसल्या? पदराला पुसलेले ते हात रात्रभर डोळ्यांपुढून हलले नाहीत.

चौकशी व्हायची ती होणारच होती, तोवर ड्यूटी सुटली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी टेबलावर दुसरी बाई होती. द्रौपदाबाईनं सवयीनं स्टूल ओढलं. "चढा सिस्टर, हाई बी अडी बठनी."

सुगंधाबाईंनी स्टूल उचलून त्या बाईच्या उशाशी ठेवलं. दार सताड उघडलं. बाहेर तिची सासू तांब्या घेऊन उभी होती.

"मावशी, आत या. इथं बसा, तिचा हात धरा. आणि तांब्या बाहेर ठेवू नका, घेऊन या."

त्यांच्या कपाळी त्या दिवशी बुक्का नव्हता.

मायबापहो, तुमच्या गावच्या सूतिकागृहातही एक स्टूल असेल. त्यावर कुणी चढतं, की कुणी बसतं, एकदा आत जाऊन पाहाल का?