मला भिंतीवर टांगले तो दिवस

मी एक जुनी कुबडी आहे. लाकडाची, एकाच पायाची आणि स्वभावाने भित्री. मित्रांनो, कुबडीने भित्रे असू नये हे मलाही कळते. जिच्या भरवशावर दुसऱ्याने पाऊल टाकायचे, तिनेच धसका घेतला तर कसे व्हायचे? पण माझा जन्मच काळजीतून झाला, त्याला मी काय करू?

मला एका सुताराने घडवले. तो चर्चसाठी बाके बनवत होता आणि त्यातले एक फळकूट उरले होते. तेवढ्यात एक माणूस पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन दुकानात आला. मुलीला मोठे दुखणे येऊन गेले होते आणि त्या दुखण्याने तिच्या डाव्या पायातले बळ नेले होते. डॉक्टर म्हणाले होते, व्यायाम करत राहा, बळ येईल, पण कधी येईल ते सांगता येत नाही. सुताराने तिच्या बगलेपासून टाचेपर्यंत माप घेतले, मला तासले, घासले आणि पोर वाढणार म्हणून माझ्या खालच्या दांड्याला ओळीने सहा भोके पाडली. बोल्ट काढून पुढच्या भोकात बसवला की माझी उंची वाढत असे. तळाला काळे रबरी बूच बसवले. मुलीच्या आईने माझ्या माथ्यावर जुन्या दुलईची मऊ गादी शिवली. मुलगी अंगाने एवढीशी, म्हणून घरात सगळे तिला टिकली म्हणत. तिच्या धाकट्या भावाचे नाव भुंगा पडले होते, कारण तो जागा असेपर्यंत तोंडाने गुणगुणत असे.

त्या दिवसापर्यंत मी टिकलीबरोबर चार वर्षे चालले होते. शाळेचा जिना, ओली फरशी, दगडगोटे, काही म्हणता काही सोडले नाही. ओली फरशी दिसली की आजही माझ्या काळजात धस्स होते. शाळेत बाई म्हणायच्या, "टिकलीची कुबडी कशी टकटक बोलते, वर्ग शांत असला की ऐकू येते!" ते ऐकून मी दिवसभर फुगून असे.

घरात मात्र एक माणूस माझ्याकडे बघून नाक मुरडत असे. टिकलीची आजी, तिच्या बाबांची आई. तिचा जीव नातीवर, राग सगळा माझ्यावर. चर्चमध्ये बसल्याबरोबर ती हळूच म्हणायची, "टिकले, ती बाकाखाली सरकव बघू." फोटो काढायचा असला की मला दाराआड उभे करत. रस्त्यात ती टिकलीच्या कानात पुटपुटायची, "सरळ चाल गं, लोक बघतात." मला वाईट वाटायचे. पण त्यामागे काय होते ते मला नंतर कळले.

टिकली दवाखान्यात होती तेव्हा आजी परदेशातल्या एका तीर्थस्थानाच्या मरियामातेला नवस बोलली होती. "माते, पोर चालू लागली की तिच्या आधाराची काठी तुझ्या दारी आणून ठेवीन." नवस बोलली तेव्हा मी जन्मालाही आले नव्हते! आता चार वर्षे झाली होती, आजीचे गुडघे कुरकुर करू लागले होते आणि आपल्या डोळ्यांदेखत नवस फिटणार की नाही, या धास्तीने तिची झोप उडाली होती. शेवटी तिनेच हट्ट धरला आणि घरातले पाचही जण परदेशी तीर्थयात्रेला निघाले. पाच जण आणि मी.

निघण्याआधी भुंग्याने त्या तीर्थस्थानाचे माहितीपत्रक माझ्यासमोर धरले. "टिकली, ही बघ तुझ्या कुबडीच्या मैत्रिणी!" चित्रात चर्चच्या बाहेरची उंच दगडी भिंत होती आणि तिच्यावर शंभरेक कुबड्या, काठ्या, लोखंडी पट्ट्यांचे बूट टांगलेले होते. बरे झालेल्यांनी ठेवलेले.

तिथून पुढे माझ्या जिवाला स्वस्थता अशी नव्हती. विमानतळावर एका गणवेशातल्या बाईने मला टिकलीच्या हातातून काढून सरकत्या पट्ट्यावर आडवे टाकले. अंधाऱ्या खोक्यातून मी बाहेर आले, तर दुसऱ्याने मला उचलले, कानाशी धरून ठोकले, माझे बूच काढून आत डोकावले. पलीकडे टिकली एका पायावर उभी, बाबांचा शर्ट मुठीत धरून. भुंग्यालाही खोक्यातून जायचे होते, म्हणून तो पट्ट्यावर चढला आणि आई त्याचा पाय ओढत होती. "अहो, कुबडी आधी घ्या, पासपोर्ट मी बघते!" आई ओरडली. विमानात मला वरच्या कप्प्यात कोंबून झाकण लावले. खाली टिकली कशी असेल, तिला उठायचे झाले तर काय, या विचाराने माझे रबरी बूच सैल झाले असते!

पोहोचल्यावर पहिले दोन दिवस प्रार्थनेत गेले. चर्चमधली मिस्सा, जपमाळ, झऱ्याचे पाणी पिण्यासाठी लांब रांग. टिकली रांगेत मला घट्ट धरून उभी राही. आजी तिच्या पायाकडे बघत राही आणि मी त्या भिंतीकडे. मित्रांनो, आता एक कबुली देते. त्या दोन दिवसांत सगळे जण टिकली बरी व्हावी म्हणून प्रार्थना करत होते आणि मी मनात म्हणत होते, इतक्यात नको. अजून थोडे दिवस तिला माझी गरज राहू दे. मला परक्या भिंतीवर ऊनपाऊस खात राहायचे नव्हते. याची मला आजही लाज वाटते.

सकाळी एक गोष्ट घडायची, ती फक्त मला आणि भुंग्याला ठाऊक होती. आईबाबा आजीला घेऊन नाश्त्याला खाली गेले की टिकली मला हॉटेलच्या न्हाणीघराबाहेर टेकवून आत जायची आणि माझ्याशिवाय चालून बघायची. बेसिनपासून दारापर्यंत. मला बाहेर फक्त आवाज ऐकू यायचे. एक पाऊल, दुसरे, आणि मग धप्प. मग बराच वेळ काहीच नाही. "भुंग्या, सांगशील तर बघ हं," ती बाहेर येऊन म्हणायची आणि लांब मोजे गुडघ्यांवर ओढून घ्यायची.

तिसरा दिवस परतीच्या आधीचा. त्या सकाळी आजीने सांगून टाकले, "आज कुबडी मातेला द्यायची."

"अहो आई, ती अजून चालत नाहीये," आई म्हणाली. "उद्याचा प्रवास कसा करायचा?"

"चालेल ती. आपण धरून बसलोय म्हणून माता देत नाहीये. आधी सोडायला हवं."

"निदान उद्यापुरती चाकाची खुर्ची सांगून ठेवू का?" बाबांनी विचारले.

"खुर्चीच सांगायची होती तर एवढ्या लांब आलो कशाला रे?"

बाबा नेहमीसारखे दोघींच्या मध्ये उभे राहिले. आजीने नातीकडे वळून विचारले, "टिकले, ठेवायची ना?"

"हो आजी," टिकली म्हणाली. मला धरलेला तिचा हात घामाने ओला झाला होता.

भिंतीपाशी निळा एप्रन घातलेली एक सेविका होती. तिला आपली भाषा येत नव्हती, पण हातात कुबडी बघून तिने समजायचे ते समजून घेतले. तिने शिडी लावली, वर चढली, मला तारेने एका आकड्याला बांधले. माझ्या शेजारी माझ्याहून लहान एक जोडी होती, धुळीने पांढरी पडलेली. मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. माझे सगळे लक्ष खाली होते.

"चल बाळा," आजी म्हणाली. "त्या मेणबत्त्यांपर्यंत."

टिकली निघाली. मित्रांनो, खरेच निघाली! एक, दोन, पाच, नऊ. येणारेजाणारे थांबले. एका अनोळखी बाईने छातीवर क्रुसाची खूण केली. आजीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि आईने तोंडावर हात दाबून धरला होता. पण मी वरून बघत होते आणि मला तो खांदा ठाऊक होता. तो पडण्याआधी जसा वर चढतो तसा वर चढला होता. तेव्हा मी पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली. माते, मला इथेच ठेव. मला कायमची विसर, पण ही आता पडू देऊ नकोस.

अकराव्या पावलाला तिचा तोल गेला. समोर लोखंडी घडवंची होती आणि तिच्यावर रांगेने पेटलेल्या मेणबत्त्या. आधारासाठी तिचा हात नेमका तिकडेच निघाला. सगळी मोठी माणसे जागच्या जागी थिजली. गुणगुण थांबवली ती एकट्या भुंग्याने. तो धावला, तिच्या बगलेत डोके घालून उभा राहिला, आणि ती त्याच्यावर रेलली.

"ती रोज सकाळी पडते!" तो ओरडला. "आजी, तिचे गुडघे बघ!"

आजीने खाली बसून मोजे उतरवले. गुडघे काळेनिळे झाले होते.

"मातेकडे काय मागितलंस गं तू?" तिने विचारले.

"तुझा नवस फिटू दे, असं."

"आणि पाय?"

"ते राहिलं," टिकली म्हणाली.

आजी उठली. शिडी घडी करून निघालेल्या सेविकेला तिने गाठले, माझ्याकडे बोट दाखवले, हात जोडले. सेविका हसून मान हलवू लागली. ठेवलेली वस्तू नीट राहील, असे तिला सांगायचे असावे. आजीने पुन्हा बोट दाखवले. पुन्हा तेच. तेव्हा आजीने काय करावे? जी आजी लोक बघतात म्हणून मला बाकाखाली सरकवत असे, ती त्या भरल्या अंगणात, शेकडो माणसांसमोर, लंगडत चालू लागली. डावा पाय ओढत, खांदा वर चढवत, अगदी टिकलीसारखी. चार पावले गेली, वळली, पुन्हा लंगडत आली. कोणीतरी हसलेही. तिने तिकडे बघितले नाही.

सेविका शिडी चढली. तिला वाटले, कुबडी म्हातारीलाच लागते आहे. तिने मला आणून थेट आजीच्या बगलेत दिले. चार वर्षांत आजीने मला पहिल्यांदाच धरले होते. तिने माझ्यावर सगळा भार टाकला. मग मान वर करून ती म्हणाली, "माते, नवस मी विसरले नाही. पण जरा थांब. पोर एवढी थांबली आहे, मीही थांबते, तूही थांब."

तिने मला टिकलीच्या हाती दिले आणि तिचे मोजे वर ओढून दिले. माझा जीव भांड्यात पडला. आई मात्र आता कुठे रडू लागली.

मित्रांनो, टिकली आता बारा वर्षांची आहे. घरात ती माझ्याशिवाय वावरते, जिन्यावर आणि रस्त्यावर मला घेते. भिंतीवर जायची वेळ येईल की नाही, मला माहीत नाही. इतर वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. एवढेच मागते, की ज्याला आधार लागतो त्याच्या हातातून तो काढून घेऊन त्याला घाई करू नका. त्याला स्वतःहून सोडू द्या. आणि ज्या दिवशी तो सोडेल, त्या दिवशी मला कोपऱ्यात उभे करून खुशाल विसरून जा. मला वाईट वाटेल. वाटू द्या. त्या वाईट वाटण्याची मी रोज वाट बघते.