घोरपडीचा पत्ता

२००१ सालची गोष्ट. रविवारी संध्याकाळी सहा वाजले की विरारजवळच्या चंदनसारच्या इमारतींत घराघरांतून एकच आवाज ऐकू यायचा, "नमस्कार, मी जयवंती!"

बँकेत कारकुनी करणारी जयवंती आठवड्यातून एकदा स्थानिक केबलवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करी. मुंगूस, खंड्या, धामण, कोल्हा, सगळे वसई-विरारचेच. सुरुवातीला कोणी पाहत नसे. "सिंह दाखवा हो बाई, मुंगूस आमच्या गटारात पण आहे," असे टोमणे यायचे. मग केबलवाल्या परेशने तोडगा काढला. कार्यक्रमाच्या शेवटी गाव सांगायचं, वाडीमालकाचं नाव सांगायचं, कोणत्या स्टॉपवर उतरायचं तेही सांगायचं. आपलं गाव टीव्हीवर येणार म्हटल्यावर अख्खी गावं पडद्यासमोर बसू लागली.

आगाशी गावच्या हिलरीकाकांच्या केळीच्या वाडीत, विहिरीच्या दगडी कपारीत एक घोरपड राहत होती. काका केळींना पाणी सोडत तेव्हा ती बाहेर येऊन उन्हात पडून राही. माणसाची भीती तिला उरलीच नव्हती.

"तिला दाखव, बाय," चित्रीकरणाच्या दिवशी काका म्हणाले. "पण आगाशी सांगू नको. माझं नाव तर नकोच."

"काका, लोकांना आपलं वाटलं तरच ते जपतील."

"आपलं वाटलं की घरी घेऊन जातात."

जयवंती हसली. परेशनेही बजावलं होतं, पत्ता नाही तर भाग नाही. तिने पत्ता सांगितला. शिवाय घोरपडीच्या चरबीचं तेल लोक सांधेदुखीवर चोळतात, हेही सांगितलं. "ही निव्वळ अंधश्रद्धा आहे आणि घोरपड मारणं हा गुन्हा आहे," असंही ठासून म्हणाली.

गुरुवारी बँकेत काकांचा फोन आला. "ये जरा."

ती गेली तेव्हा कपारीचे दगड उपसून विहिरीच्या काठावर टाकलेले होते. पहार तिथेच पडली होती. पहार काकांचीच.

"काल मोटारसायकलवर दोघे आले," काका म्हणाले. "टीव्हीवर बघितलं म्हणाले. पाहुणे समजून मी त्यांना पाणी दिलं, शिवाय विहीर दाखवून बाजाराला गेलो."

"पण मी स्पष्ट सांगितलं होतं, मारू नका!"

"सांगितलंस. तेलाचं पण सांगितलंस आणि वाट पण सांगितलीस. माणूस त्यातलं हवं तेवढंच ऐकतो, बाय."

ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

घरी परतली तर वरच्या मजल्यावरच्या यमुनाताई आईजवळ बसल्या होत्या. हातात छोटी बाटली होती, पिवळट, दाट तेलाची.

"नालासोपाऱ्याच्या माझ्या भाच्याने आणलंय. म्हटलं, आधी तुझ्या आईच्या गुडघ्यांना. अस्सल आहे हो! तुझ्याच कार्यक्रमातून पत्ता मिळाला त्याला."

आई पातळ गुडघ्यांच्या वर ओढून तयारच बसली होती! जयवंतीने बाटली घेतली. यमुनाताईंच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, निव्वळ माया होती. तेच अधिक झोंबलं.

पुढच्या रविवारी तिने ती बाटली कॅमेऱ्यासमोर ठेवली. परेश खुणा करत राहिला, तिने पाहिलं नाही.

"मागच्या रविवारी जिला पाहून तुम्ही टाळ्या वाजवल्यात, ती ही. मारणारे दोघे होते. त्यांना दारापर्यंत मी नेलं. यापुढे या कार्यक्रमात कुठलंही ठिकाण सांगितलं जाणार नाही. कार्यक्रम बंद पडला तरी चालेल!"

त्या संध्याकाळी केबलच्या ऑफिसात तीन फोन आले. दोघांनी विचारलं, ते तेल मिळतं कुठे? तिसरा फोन यमुनाताईंचा होता. तो जयवंतीनेच घेतला. त्या म्हणाल्या, "वनखात्याला भाच्याचं नाव मी सांगते. तू नको सांगूस, माझ्या घरचं माणूस आहे ते."

सोमवारी त्यांनी खरोखर सांगितलं. माहेरचा उंबरा त्यांना त्या दिवसापासून बंद झाला. आगाशीची कपार अजून रिकामी आहे.

वाचकहो, रानातल्या जिवाचं कौतुक करणं सोपं आहे. ते कौतुक कोणाच्या हाती पडणार, याचा विचार बोलण्याआधी करावा लागतो. जयवंतीने तो नंतर केला.