दत्तारामचा हूक

लालबागच्या त्या खोलीत दोनच गोष्टींना हात लावायची पोरांना बंदी होती. एक देव्हारा आणि दुसरा दत्तारामचा हूक. दत्ताराम गोदीत टोळीचा मुकादम होता आणि हूक त्याच्या वडिलांचा, रामजींचा. शिसवी मूठ घामाने काळी तुळतुळीत झालेली आणि पुढे वाकडं, टोकदार पोलाद. बापाने जमीन ठेवली नाही, हूक ठेवला, असं तो चारचौघांत सांगे आणि त्यात तक्रारीचा सूर मुळीच नसे. कापडाची गासडी कितीही जड असो, दत्तारामने हूक मारून हिसका दिला की ती जागची हललीच पाहिजे. रविवारी तो खिडकीत बसून हूक रॉकेलने पुसायचा. त्या वेळी बायकोने हाक मारली तर त्याला ऐकू यायची नाही.

त्या वर्षी गोदीत फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलणारी गाडी, आली. फळ्यांच्या लाकडी पाटावर गासड्या रचायच्या, गाडीने अख्खा पाट उचलायचा आणि क्रेनने तो तसाच बोटीत उतरवायचा. शेडच्या साहेबांचं म्हणणं असं, की बोटींना धक्का वेळेवर मोकळा मिळत नाही, माल शेडमध्ये पडून राहतो आणि परदेशचं गिऱ्हाईक दुसऱ्या बंदराकडे वळतं. गासडीला हूक लावायचा नाही, ही त्यांची मुख्य अट. खंडेनवमीच्या दिवशी टोळ्यांनी होय की नाही ते सांगायचं होतं. दत्ताराम म्हणेल तेच बाकीच्या टोळ्या म्हणणार, हे साहेबांनाही ठाऊक होतं.

दत्तारामचं उत्तर ठरलेलं होतं. "आज हूक घेतील, उद्या हात घेतील," असं तो टोळीला सांगून बसला होता. परवाच शिवाजी पार्कावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत घसा बसेपर्यंत ओरडून आला होता. मुंबई कामगाराच्या पाठीवर उभी आहे, असं तिथे कोणीतरी म्हणालं आणि ते आपल्याच पाठीबद्दल आहे असं धरून त्याने टाळ्या वाजवल्या. त्यात त्याचं फारसं चुकलंही नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी त्याची बायको अंबिका कापडाच्या मिलमधून आली ती तोंड उतरवूनच. ती वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामावर होती. काखेतलं कापड तिने त्याच्यापुढे टाकलं.

"हत्यारं मांडायला कोरं कापड हवं म्हणत होतात ना? घ्या."

"एवढं भारी? कुठून आणलंस?"

"मिलच्या दुकानात स्वस्तात काढलंय. परदेशातून माल परत आला, त्यातलं. पुढली ऑर्डरपण गेली. दिवाळीनंतर आमचं खातं अर्धं करतायत. मी काय जुनी नाही, मला घरीच बसवणार." तिने कापडाकडे बोट दाखवलं. "नीट बघून मांडा, भोकं आहेत. बोटीतल्या उंदरांनी कुरतडलंय, म्हणतात सगळ्या."

दत्तारामने कापड उलगडलं. एक भोक, मग हातभर अंतर सोडून दुसरं, तेवढंच अंतर सोडून तिसरं. उंदीर काही माप घेऊन कुरतडत नाही. त्याने कापड जुन्या घड्यांवर परत दुमडलं, तशी सगळी भोकं एकावर एक आली. तो उठला, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला हूक काढला आणि टोक त्या भोकात घातलं. ते कुठेही न अडता घडीच्या पार गेलं.

अंबिकाने आरपार निघालेलं टोक पाहिलं.

"म्हणजे तुम्ही?"

"मी, नायतर दुसरा कोण. हूक सगळेच मारतात."

"एक धागा तुटला तर मशीन थांबवून गाठ मारतो आम्ही," ती म्हणाली. "गाठ जाड झाली तर बोलणी खातो. आणि तुम्ही घडीच्या घडी फोडून बोटीत टाकता होय?"

दत्तारामला गासडीचं तोंड आठवत होतं. गोणपाटावर मिलचं नाव आणि त्याखाली मुंबईचं नाव, काळ्या इंग्रजी अक्षरांत. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण ती अक्षरं त्याने अंधारातही ओळखली असती. हूक मारायची पक्की जागा तीच. सभेत मुंबई मागायची आणि सकाळी तिच्या नावात पोलाद खुपसायचं, हे इतकी वर्षं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्याने पूजेला तेच कापड पसरलं, भोकं दिसतील असं. टोळीने त्यावर आपापले हूक ठेवले. हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहून झाल्यावर तो म्हणाला, "ही भोकं आपली हायत. माझी बायको घरी बसणार ती ह्यांच्यापायी. मी गाडीला होय म्हणतोय."

कुशाबा टोळीतला सगळ्यात जुना. तो भडकला.

"बायकोची नोकरी वाचवायला आमची पोटं मारतोस काय रे?"

"माल गेलाच नाय तर आपण काय वाहणार, कुशाबा? रिकामी शेड?"

"आणि गाडीने दहा माणसांचं काम एकटीने केलं तर?"

हा प्रश्न खरा होता. दत्तारामने तो उडवून लावला नाही. तो साहेबांकडे गेला आणि सांगितलं, की टोळीतला एकही माणूस कमी होणार नाही आणि गाडी चालवायला आमच्यातलाच कोणी शिकेल, हे कबूल असेल तरच होय. साहेबांनी पहिल्या काही बोटींच्या चाचणीपुरतं कबूल केलं. चाचणीनंतरचं त्यांनाही सांगता येईना. कुशाबा दिवसभर त्याच्याशी बोलला नाही.

दसरा झाल्यावर माणसांनी पूजेतले हूक उचलले, इतर मालाला ते लागणारच होते. दत्तारामने आपला उचलला नाही. पहिला पाट क्रेनने वर घेतला तेव्हा तो रिकाम्या हातांनी खाली उभा होता. गासडीवरची काळी अक्षरं धड होती. त्याला बरं वाटलं आणि त्याच वेळी बापाचा हात सुटल्यासारखंही वाटलं.

घरी अंबिकाने खिळ्याकडे बघितलं. "हूक?"

"शेडमध्येच. पूजा उचलली नाय मी."

"मग आता टोळीचं काय?"

"ठाऊक नाय. तुझ्या खात्याचं?"

"ठाऊक नाही," ती म्हणाली.

सकाळी भोंगा झाला. निघताना त्याचा हात सवयीने खिळ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. अंबिकाने त्या हातात त्याचा डबा दिला, आपला घेतला, आणि दोघं बरोबरच जिना उतरली.